फौजीला नोकरीमुळे आलेल्या आजार-अपंगत्वासाठीची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली तर अपील करायचं की गप्प बसायचं?

माजी हवालदार, सातारा:
रिलीज मेडिकल बोर्डाने (रिटायर होताना तपासणी करणारं डॉक्टरांचं बोर्ड) बीपीमुळे माझं अपंगत्व 30 टक्के धरलं आणि कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं की आजार पीस स्टेशनला (सीमेपासून दूरची शांत छावणी) सुरू झाला, सेवेशी संबंध नाही. त्यावरूनच पेन्शन नाकारली. अरे पण त्या पीस स्टेशनला मी आलो कुठून, फील्डमधूनच ना? भरतीला नखशिखांत तपासून फिट केलेला माणूस आहे मी. सुप्रीम कोर्टाने 2013 ला धरमवीर सिंग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. माझं मत, प्रत्येकाने अपील करावंच.

कोल्हापूरकर:
दादा, राग मानू नका, पण मला नाही पटत. बीपी-शुगर आमच्या गल्लीतल्या दुकानदारालाही आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या रिपोर्टमध्येच आलंय की ही पेन्शन घेऊन रिटायर होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा ऑफिसरांत कितीतरी जास्त आहे. सगळेच मागायला लागले तर सुरुंगात पाय गेलेल्याचं काय?

माजी हवालदार, सातारा:
त्याच्यासाठी वॉर इंज्युरी पेन्शन (लढाई-कारवाईत जखमी झालेल्यांची) वेगळी आहे आणि तिचा दर डबल आहे, त्याच्या ताटातलं कोणी घेत नाहीये. आणि ऑफिसरांवरचा राग शिपायावर कशाला काढता? दुकानदार रात्री घरी झोपतो हो, बर्फात पोस्टवर उभा नसतो.

कोल्हापूरकर:
पोस्टवरचं मान्य, पण मग जो आयुष्यभर स्टोअरमध्ये क्लार्क होता त्याचं काय? सरसकट नको, प्रत्येकाची पोस्टिंग बघून ठरवा एवढंच म्हणतोय.

फौजीची बायको, सांगली:
पोस्टिंग बघाच की, तेच तर बोर्ड बघत नाही! आमच्या ह्यांचंही असंच झालं. वाद घालत बसण्यापेक्षा आधी बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग्ज (तपासणीचे कागद) मागवा, मिळाली नाहीत तर आरटीआय टाका, 6 महिन्यांच्या आत पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि मगच आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (फौजींच्या केसेसचं कोर्ट), आपल्याला मुंबईचं बेंच आहे. उशीर केला की नुकसान आपलंच, कारण सुप्रीम कोर्टाच्या तरसेम सिंग केसच्या निकालापासून एरिअर्स (मागची थकबाकी) साधारण केस टाकायच्या आधीच्या 3 वर्षांचेच देतात. आणि सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झालेल्यांना या पेन्शनचे नवीन नियम लागतात, त्यांनी जुन्या निकालांच्या भरवशावर राहू नये, आधी जाणकाराला कागद दाखवावेत. हवालदारसाहेब, तुमचं रिजेक्शन लेटर कोणत्या तारखेचं आहे?