मदत हवी आहे: प्रतिबिंबातलं प्रतीक चूक वाटू नये म्हणून काय करावं?

चित्र १० × १५ सेंमी, १५० जीएसएम कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद), फक्त पेन्सिल. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचा काठ, मागे भुईकोट किल्ल्याची तटबंदी, डावीकडे निष्पर्ण कडुलिंब. पाण्यात मात्र तोच कडुलिंब पानांनी भरलेला. सगळा अर्थ त्यातच आहे, पण बघणाऱ्यांना वाटतं प्रतिबिंब चुकलंय!

पानं कडक, फिक्या २एच पेन्सिलीने आखून मऊ, गडद ४बीने भरली. एवढ्या आकारात त्यांचा नुसता डाग होतो. त्याहून मऊ ६बीने चकाकी येते आणि तिरप्या उजेडात झाड दिसेनासं होतं. नीडेड रबरने (मळून आकार देता येणाऱ्या खोडरबराने) पानं उजळ काढली, तर ती पाण्यावरची चमक वाटते. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकं ठेवायचा नियम पाळला, की लक्ष तटबंदीकडेच जातं. तट एचबीइतका फिका केला तर किल्ला ओळखू येत नाही, आणि सोलापूरकरांना तो कळायलाच हवा.

आकार बदलता येणार नाही. रंग, शाई, शीर्षक नको. कागद अजून एक-दोनदा खोडणं सोसेल, जास्त नाही.

पानांचा घेर सलग ठेवून आडव्या लहरी फक्त खोडावर घ्याव्यात, की वरच्या झाडालाच एखादी पालवी देऊन इशारा करावा? दुसऱ्या उपायाने प्रतीक फारच उघडं पडेल का?