स्टॉकफिशसाठी हॅश किती ठेवावा?

प्रश्न:
माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि चार कोअर असून, स्वतः खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावांचे विश्लेषण मी स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनाकडून करून घेतो. मूळचा १६ एमबी हॅश तुटपुंजा वाटल्याने तो मी ७००० एमबी केला. परंतु वेग वाढण्याऐवजी घटला आणि लॅपटॉप अडखळू लागला. एका पटस्थितीला मी दोनेक मिनिटे देतो. हॅश किती ठेवावा?

उत्तर १:
यात नवल नाही. हॅश ही आधी तपासलेल्या पटस्थितींची नोंदवही आहे. वजिरापुढचे प्यादे आधी सरकवले काय किंवा त्याच्या शेजारच्या उंटापुढचे आधी सरकवले काय, पुढे तीच स्थिती पटावर आली की इंजिन पुन्हा गणित न करता ही वही उघडते, आणि तेही सेकंदाला लाखो वेळा, कुठल्याही पानावर. रॅम अपुरी पडून वहीची काही पाने डिस्कवर गेली, तर डिस्क त्या वेगाला पुरणे शक्य नाही. स्टॉकफिशमध्ये तीन नोंदींना ३२ बाइट लागतात; म्हणजे १६ एमबीत जेमतेम १५.७ लाख नोंदी मावतात, तर १ जीबीत सुमारे १० कोटी. आपण २०४८ एमबी ठेवावा.

उत्तर २:
माझ्या मते आकडा आधी ठरवू नये, हॅशचा भरणा पाहावा. इंजिन तो हजारात किती या प्रमाणात कळवते. दोन मिनिटांनंतरही तो अर्ध्यावरच असेल, तर हॅश वाढवून काहीही हाती लागणार नाही. चार कोअरवर इंजिनाचे चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे गणिताचे धागे, लावले तरी सगळे एकच हॅश वापरतात, त्यामुळे त्याला चाराने गुणण्याची गरज नाही. मात्र दोन इंजिने एकाच वेळी लावल्यास प्रत्येकाचा हॅश वेगळा धरावा लागतो.

उत्तर ३:
सिझिजीच्या अंतिम डावांच्या फाइल, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरलेल्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल, वापरत असाल, तर थोडी रॅम मोकळी राहू द्यावी, कारण ऑपरेटिंग सिस्टिम त्या फाइलींचा वाचलेला भाग तिथेच साठवते. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या फाइलींना डिस्कवर सुमारे १ जीबी, तर सहा मोहऱ्यांपर्यंतच्यांना सुमारे १५० जीबी जागा लागते. त्या एसएसडीवर असाव्यात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. दुसरे उत्तर वाचून तपासले, तेव्हा विश्लेषणाच्या खिडकीत आणखी एक इंजिन चालू असल्याचे आढळले. ते बंद करून हॅश २०४८ एमबी केला आहे, अडखळणे थांबले. आज रात्री भरणा पाहून कळवतो.