देवगिरी किल्ला : ६८ वर्षांच्या आईला वरपर्यंत नेता येईल का?

मंडळी, जरा सल्ला हवा आहे.

यंदा नाथषष्ठीला आईला घेऊन पैठणला जातोय. त्याची काही चिंता नाही. पण दुसऱ्या दिवशी देवगिरी चढायचाच, असा तिचा हट्ट आहे. यादव, तुघलक, मेंढा तोफ यातलं तिला काही नको. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे, तिथे डोकं टेकवायचंय. स्वामी म्हणजे संत एकनाथांचे गुरू. ते या गडाचे किल्लेदार आणि नाथ त्यांच्याकडे हिशेब लिहायला. एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर दिव्याशी बसले, ही गोष्ट लहानपणी आमचं गणित चुकलं की हमखास ऐकायला मिळायची.

वय ६८, डावा गुडघा कुरकुरतो. जिना एकेक पायरी करत चढते, उतरताना मात्र कठडा लागतो.

मी गड पाहिलाय, पण वीसेक वर्षांपूर्वी, कॉलेजच्या सहलीत. वरचं फारसं आठवत नाही, अंधारी मात्र पक्की आठवते. डोंगराच्या पोटातला तो वळणावळणाचा जिना, वटवाघळांचा नाकात बसणारा दर्प, आणि पुढच्याच्या शर्टाचं टोक धरून चाललेले आम्ही. एक पायरी वीतभर, तर पुढची एकदम उंच. शत्रूला चकवायलाच खोदलेली वाट ती, गुडघेदुखीचा विचार कोण करतो!

तर अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा. अंधारी टाळून जायची वाट सध्या चालू आहे का, आणि तिला कठडा आहे का? अंधारी संपल्यावर गणपतीच्या देवळापासून वरच्या बारादरी महालापर्यंत बसायला सावली कुठे मिळते? मार्चचं मराठवाड्यातलं ऊन आहे, म्हणून सकाळी उघडतानाच शिरायचं ठरवलंय. डोलीचं विचारू नका. मी नुसता विषय काढला तर म्हणाली, "नाथ काय डोलीतून जायचे?"

नाहीच जमलं तर खालचं सगळं आहेच : उंच चांदमिनार, हत्ती हौद, भारतमातेचं मंदिर, गोवळकोंड्याच्या सुलतान तानाशहाला औरंगजेबाने डांबलं तो चिनी महाल. पण आईला तानाशहाचं काय!

आणि एक. खंदकावरच्या पुलापासून परत फिरावं लागलं, तर तिथून वरची बारादरी दिसते का? दिसत असेल तर तिथूनच हात जोडायला सांगेन.