इंग्रजी पत्रात 'ऑन मंडे', 'बाय फ्रायडे' नेमकं कुठे आणि कसं लिहायचं?

आंबेवाला_मिठबाव

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात मिठबावला आमची हापूसची बाग आहे. हल्ली पेट्या थेट बंगळूर-हैदराबादच्या गिऱ्हाइकांना जातात, त्यामुळे पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत. शब्द सापडतात, गाडी अडते ती कधी, कुठे, कसं हे सांगणाऱ्या तुकड्यांपाशी. परवा एका व्यापाऱ्याचा मेल आला: 'वी टोल्ड द ड्रायव्हर ऑन मंडे टु कलेक्ट द बॉक्सेस.' आता ड्रायव्हरला सोमवारी सांगितलं, की तो पेट्या सोमवारी उचलणार? घरात दोघांनी दोन अर्थ लावले. शिवाय 'शुक्रवारपर्यंत'साठी 'बाय' लिहायचं की 'अनटिल'? कोणी नीट समजावेल का?

वेंगुर्ल्याच्या_बाई

तुमच्या घरातले दोघेही बरोबर आहेत, दोष वाक्याचा आहे. 'ऑन मंडे' दोन क्रियापदांच्या मधोमध बसलंय, त्यामुळे ते मागच्या 'टोल्ड'लाही लागतं आणि पुढच्या 'कलेक्ट'लाही. सांगणं सोमवारी झालं असेल तर ते आरंभी आणून स्वल्पविराम द्यायचा: 'ऑन मंडे, वी टोल्ड द ड्रायव्हर टु कलेक्ट द बॉक्सेस.' पेट्या सोमवारी उचलायच्या असतील तर 'ऑन मंडे' शेवटी, 'बॉक्सेस'च्या पाठोपाठ. व्यापाऱ्याला मात्र आजच फोन करून विचारा, आंबा थांबत नाही.

माझी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. आपली मुलं कुठे अडतात ते सांगते. मराठीत 'ट्रकने', 'मुंबईला', 'सकाळी' हे शब्द आपली ओळख प्रत्ययात घेऊन फिरतात. वाक्यात इकडचे तिकडे केले तरी बहुतेक वेळा जोर तेवढा बदलतो. इंग्रजीत जागा सांभाळावी लागते. 'आय सेंट यस्टरडे द बॉक्सेस' आपल्या कानाला खटकत नाही, पण क्रियापद आणि त्याचं छोटंसं कर्म यांच्यामध्ये इंग्रजी काळाला शिरू देत नाही. 'आय सेंट द बॉक्सेस यस्टरडे' असंच हवं.

दुसरं, आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो: सोमवारी सकाळी सहा वाजता, देवगड तालुक्यात मिठबावला आमच्या बागेत. इंग्रजी सहसा उलट चालतं: 'अॅट सिक्स ऑन मंडे मॉर्निंग', 'इन अवर ऑर्चर्ड अॅट मिठबाव इन देवगड तालुका'. यात आणखी एक बघा. नुसती सकाळ असली तर 'इन द मॉर्निंग', वार जोडला की 'ऑन मंडे मॉर्निंग'. आणि 'नेक्स्ट मंडे'च्या आधी 'ऑन' लावायचं नाही.

आता तुमचं 'पर्यंत'. मराठीत एकच 'पर्यंत' दोन कामं करतं. 'पेटी शुक्रवारपर्यंत मिळेल' यात मिळणं एकदाच घडणार, शुक्रवारी किंवा त्याआधी. इथे 'बाय फ्रायडे'. 'आंबे शुक्रवारपर्यंत आढीतच ठेवा' यात ठेवणं शुक्रवार येईतो चालू राहणार. इथे 'अनटिल फ्रायडे'. गिऱ्हाइकाला 'यू विल गेट द बॉक्स अनटिल फ्रायडे' लिहिलंत तर त्याला काही बोधच होणार नाही.

खाडीकाठ_रत्नागिरी

बाईंशी सहमत, एक जोड देतो. मी भाषांतराचं काम करतो. शाळेत 'कसं, कुठे, कधी' हा क्रम पाठ करून घेतात. तो उपयोगी आहे, पण जाण्या-येण्याच्या क्रियापदाला आधी ठिकाण लागतं: 'द बॉक्सेस गो टु मुंबई बाय ट्रक ऑन मंडे.' आणि वेळ दर वेळी आरंभी आणू नका. सलग पाच वाक्यं 'ऑन मंडे', 'ऑन ट्यूजडे'ने सुरू झाली की पत्र वेळापत्रकासारखं वाचलं जातं. गिऱ्हाइकाने 'कधी' असंच विचारलं असेल तर वेळ शेवटी ठेवा, इंग्रजी वाक्याचा भार शेवटाकडे असतो.

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांतही घोळ होतो. तुतारी एक्स्प्रेस कणकवलीला ठरल्या वेळी आली तर 'ऑन टाइम'. ती सुटायच्या आत तुम्ही पेट्या घेऊन फलाटावर पोहोचलात तर 'इन टाइम'.

हर्णै_बंदर

आमच्याकडे मासेमारी बंदीच्या सूचना इंग्रजीत लिहायच्या असतात. 'बिट्वीन फर्स्ट जून टु थर्टीफर्स्ट जुलै' चालेल का?

वेंगुर्ल्याच्या_बाई

नाही. 'बिट्वीन'ची जोडी 'अँड'शी, 'टु' हवं असेल तर 'फ्रॉम'. सूचनेत 'फ्रॉम' घ्या आणि शेवटी 'बोथ डेज इन्क्लूसिव्ह' लिहा, म्हणजे ३१ जुलैला नौका काढायची का, हा वाद उरत नाही. १ जून ते ३१ जुलै हे दिवस ६१ होतात. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर सिक्स्टी-वन डेज', त्या काळात काय करायचं नाही ते सांगायचं तर 'ड्युरिंग द बॅन'. 'ड्युरिंग सिक्स्टी-वन डेज' नको.

आंबेवाला_मिठबाव

बाई, दादा, मनापासून आभार. व्यापाऱ्याला फोन केला, ड्रायव्हर सोमवारीच येणार आहे. आता पेटीत घालायच्या चिठ्ठीचं वाक्य तेवढं बघाल का? 'व्हाइल रायपनिंग इन हे, कस्टमर्स शुड नॉट वॉश द मँगोज.'

वेंगुर्ल्याच्या_बाई

आरंभीचा तुकडा स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाला जाऊन चिकटतो. इथे ते नाम 'कस्टमर्स' आहे, म्हणजे गवतात गिऱ्हाईक पिकतंय असा अर्थ निघतो. 'डू नॉट वॉश द मँगोज व्हाइल दे आर रायपनिंग इन हे' असं लिहा. त्याखाली 'कीप देम इन हे अनटिल दे टर्न यलो' घाला, तिथे 'बाय' चालणार नाही.