सव्वा लाखात ड्रिफ्टची गाडी: ओम्नी घेऊ का ११८ एनई?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. सुट्ट्यांत काकांच्या दुकानात बसून सव्वा लाख साठवलेत, घरी अजून बोललो नाही. जुनी गाडी घेऊन ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाकं सरकवत गाडी आडवी पळवायला, तयार करायचीय. दोन गाड्या बघितल्यात. एक ओम्नी, चालू कंडिशन, ४५ हजार. दुसरी प्रीमियर ११८ एनई, १९९२ची, बार्शी रोडला एका शेडात धूळ खात पडलीय, मालक ७५ म्हणतोय. मित्र म्हणतो मारुती ८०० घे, पार्ट कुठंही मिळतात. काय करू? इंजिन बदलावं लागेल का?

चाकपाना
८०० पुढच्या चाकांवर ओढते रे. हँडब्रेक ओढलास तर शेपूट एकदा फिरेल, पण रेस दिली की गाडी परत सरळ. ड्रिफ्टला ताकद मागच्या चाकांना पाहिजे. मित्राला चहा पाज आणि घरी पाठव.

लेथवाला
माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथचं छोटं शेड आहे. सहा वर्षांपूर्वी मी हाच उद्योग ११८ वर केला, म्हणून सांगतो.

ओम्नी मागच्या चाकांवर चालते हे खरं. पण इंजिन सीटखाली, गाडी उंच, अरुंद आणि आखूड. सरकायच्या आधी आडवी होईल. तिला दूध वाटू दे.

११८ला निस्सानचं बाराशे सीसीचं इंजिन आहे, पन्नास-बावन्न हॉर्सपॉवर. तेवढ्यात कोरड्या डांबरावर मागचं चाक सुटत नाही, उगाच क्लच जळतो. बाहेरचे लोक काँक्रीट भिजवून सराव करतात. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तू टँकर ओतणार? आई झाडूनं मारेल. मुरमाचं मैदान बघ. मुरमावर पन्नास हॉर्सपॉवर पुरून उरते. म्हणून इंजिनला हात लावू नको. रेडिएटर मात्र रॉडिंग करून (आतल्या नळ्या सळईनं साफ करून) घे आणि इलेक्ट्रिक फॅन बसव. एप्रिल-मेच्या उन्हात मैदानात गाडी जागच्या जागी फिरवताना वारा लागतच नाही, काटा लालमध्ये जातो.

खरं काम डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं. साध्या डिफला ज्या चाकाची पकड सुटली तेच भिरभिरतं, दुसरं गप्प बसतं. दोन्ही चाकं एकत्र फिरली पाहिजेत. लॉकिंग डिफ या गाडीला सहज मिळत नाही, मग आतले छोटे स्पायडर गिअर वेल्डिंगनं जाम करायचे. इथंच मी पहिल्यांदा गंडलो. वेल्डरनं दातांवरचं ऑइल नीट न धुता साध्या रॉडनं टाके मारले. तिसऱ्या दिवशी मागून टक् टक् आवाज. ड्रेन प्लग काढला तर काळ्या ऑइलबरोबर दाताचे तुकडे आले, कडक भाकरी मोडल्यासारखे. दुसऱ्यांदा केरोसीननं धुऊन, वायर ब्रशनं घासून, गॅसनं तापवून, लो हायड्रोजन ७०१८ रॉडनं जोडले आणि रात्रभर राखेत पुरून ठेवले. हळू गार झालं तर तडा जात नाही. ते अजून टिकलंय. आता मैदानातच वळण घेताना आतलं चाक उड्या मारतं आणि आवाज असा की बैल अडून बसलाय.

पैसे पुढं लाव: ब्रेक, बकेट सीट, फोर पॉइंट बेल्ट, हेल्मेट. मागच्या ब्रेकच्या लाइनीत हायड्रॉलिक हँडब्रेक टाक, एअर नीट काढ. टाय रॉडला, म्हणजे स्टिअरिंगनं चाक वळवणाऱ्या दांड्याला, वेल्डिंग मारायचं नाही. कुणी कितीही शहाणा असो, मारायचं नाही.

चाकपाना
दादा, ते आरटीओचं पण सांगा की.

लेथवाला
हां. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं बनवलेल्या गाडीत असे बदल करून रस्त्यावर आणता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शर्यतीसाठी कलम १८९ वेगळंच. मैदानाच्या मालकाची लेखी परवानगी घे आणि गाडी टेम्पोवर टाकूनच ने. होटगी रोडला रात्री एक वाजता फिरवणारी पोरं असतात, त्यांच्यात जाऊ नको.

जुळेसोलापूरकर
धन्यवाद दादा. म्हणजे ११८. पण ७५ जास्त वाटतात का?

लेथवाला
कागद बघितलेस? पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं. नसेल केलेलं तर ५५ला माग. आणि एक कर: ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचल, पत्र्याला स्क्रूड्रायव्हरनं टोच. मागची स्प्रिंग पत्र्याला जिथं टेकते तिथंही टोच. सीटचा बेल्ट त्याच पत्र्यात बसणार आहे, चाकाचं ओझंही तिथंच.

जुळेसोलापूरकर
आत्ताच जाऊन आलो. रजिस्ट्रेशन २०२२लाच संपलंय. मागं पत्रा दणकट आहे. पायाखाली टोचलं तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत, खालची माती दिसली. मालक भडकला, म्हणाला "गाडी घ्यायला आलायस का फोडायला बे?"

लेथवाला
४५ म्हण. फ्लोअरचा पत्रा मी कापून देतो.