पहिल्यांदा समुपदेशकाकडे जाताना घरी सांगावं का?

निळीसायली:
माझं मत, निदान पहिल्या तीन-चार भेटी होईपर्यंत सांगू नका. मी आधी सांगून बसले होते. आई रडली, "आमचं काय चुकलं?" बाबा म्हणाले, "आपल्या घरात असलं काही नाही." पुढचे तीन आठवडे मी त्या दोघांचीच समजूत काढत होते, अपॉइंटमेंट दोनदा पुढे ढकलली. शेवटी एका शनिवारी ऑफिसचं काम सांगून गेले. बाईंनी झोप, भूक, जुनी आजारपणं, चालू औषधं विचारली. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. ट्रेनमध्ये चार वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, जिवाला धोका वाटला तरच सांगावं लागेल, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा आपला हक्कच आहे. मग घरी कधी कळवायचं तेही आपणच ठरवावं.

दत्ता_सातारा:
अजिबात पटलं नाही. माझा धाकटा भाऊ असाच कुणाला न सांगता गेला. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. आम्हाला दिसू नयेत म्हणून तो स्ट्रिप जुन्या बुटात ठेवायचा. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं आणि त्यानं परस्पर गोळ्या बंद केल्या. चक्कर, घाम, रात्र रात्र जागा. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायच्या असतात, हे आम्हाला नंतर कळलं. घरात माहीत असतं तर कुणीतरी विचारलं असतं, "घेतलीस का रे?" आणि लपवून गेलं की आपण काहीतरी वाईट करतोय, हेच मनात घट्ट बसतं.

निळीसायली:
गोळ्यांचं मान्य. पण समुपदेशक गोळ्या लिहून देत नाहीत, ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. गोळ्या सुरू झाल्या तर एकाला सांगाच. एकाला, अख्ख्या घराला नाही.

मोगरा:
तुम्ही दोघंही कमावते दिसता. मला हजार रुपये फी हवी असेल तर नवऱ्याकडे मागावी लागते आणि कशाला तेही सांगावं लागतं. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून दाखवता येतं, पण एसटीत अर्धं गाव ओळखीचं. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना 14416 लावला. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिल्या फोनला नुसती रडले. पलीकडची बाई थांबून राहिली, फोन ठेवला नाही. घरी सांगू की नको, एवढा विचार करायला त्या दिवशी जागाच नव्हती.

शोभामावशी:
सायली, माझ्या मुलीनं मला आठ महिन्यांनी सांगितलं. लागलं मला. पण आधी सांगितलं असतं तर मीही "आमचं काय चुकलं" हेच म्हटलं असतं, हे कबूल करते. तरी 'सांगू नका' असं सरसकट लिहू नकोस गं. तिच्या मावसबहिणीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीच दारापर्यंत सोडायला जायची, खाली थांबायची.

दत्ता_सातारा:
मावशी, तिनं सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

शोभामावशी:
काहीच सुचेना. विचारलं, तिथं जायला रिक्षाला किती पडतात?