आरएनए मोजला, प्रथिनाचं काय?
एमआरएनए (जनुकावरून उतरवलेली, प्रथिन बनवायची आरएनए प्रत) दुप्पट झाला म्हणजे प्रथिनही दुप्पट, असं म्हटलं जातं. इतकं सरळ नाही हो. आमच्या बडोद्यात खंडेराव मार्केटला सकाळी किती टेम्पो उतरले, यावरून संध्याकाळी भाजी किती उरली हे सांगता येईल का? उठावही बघायला हवा. तसंच पेशीत प्रथिन किती मोडलं हेही. पी५३ हे प्रथिन घ्या. निरोगी पेशीत ते तयार होतच असतं, पण एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला युबिक्विटिनची (‘हे मोडा’ सांगणाऱ्या छोट्या प्रथिनाची) खूण लावतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, ते मोडतं. पी५३चं अर्धायुष्य (निम्मं मोडायला लागणारा वेळ) जेमतेम २० मिनिटं. डीएनएला इजा झाली की मोडतोड मंदावते, प्रथिन साठतं. एमआरएनए मात्र जवळपास तेवढाच! म्हणून एमआरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरच्या जोडीला प्रथिन मोजणारा वेस्टर्न ब्लॉट कराच.